वजन कमी करायच्या ऑपरेशनचा हृदयाला खरंच फायदा होतो का? वीस वर्षांचा हिशेब काय सांगतो?

रील्स बघता बघता असा एखादा व्हिडिओ तुमच्यासमोर आलाच असेल. आधी जुना फोटो, सुटलेलं पोट, जिना चढताना लागलेली धाप. मग सहा-आठ महिन्यांनंतरचा तोच माणूस, जुन्या पँटच्या एकाच पायात मावणारा. खाली प्रश्नांची रांग लागलेली असते. कुठे केलं? किती खर्च आला? परत वाढत नाही ना?

शेवटचा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. कारण डॉक्टर जेव्हा एखाद्याला हे ऑपरेशन सुचवतात, तेव्हा त्यामागे कपड्यांचा साईज नसतो. डायबेटिस, ब्लडप्रेशर, झोपेत अडकणारा श्वास आणि या सगळ्यांचा शेवटी ज्याच्यावर भार पडतो ते हृदय, असा तो विचार असतो. आणि हृदयाचा निकाल सहा महिन्यांत लागत नाही. त्याला दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात. तेवढी वर्षं कुणी थांबून बघितलंय का? तर हो, बघितलंय. त्याचीच ही गोष्ट.

पण त्याआधी शब्दाचा एक गोंधळ मिटवू. आपल्याकडे "त्यांची बायपास झाली" म्हटलं की समोरचा छातीकडे बघतो. वजनाच्या ऑपरेशनमधली "गॅस्ट्रिक बायपास" ही वेगळी गोष्ट आहे. त्यात हृदयाला हातसुद्धा लागत नाही. बायपास होते ती जठराची आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची.

ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय?

आज मुख्यतः दोन प्रकार चालतात. पहिला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग कायमचा कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. दुसरा गॅस्ट्रिक बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या पहिल्या भागातून जातच नाही. दोन्ही ऑपरेशनं बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतात.

गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात १९६६ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या सर्जननी केली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढावा लागे, अशा पेशंटचं वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

बरीच वर्षं समज असा होता की जठर लहान झालं, जेवण कमी झालं, वजन उतरलं, संपलं. पण डायबेटिसच्या पेशंटमध्ये एक विचित्र गोष्ट दिसायची. ऑपरेशननंतर काही दिवसांतच, वजन फारसं उतरायच्या आधीच, शुगर खाली यायला लागायची. आतड्याच्या पुढच्या भागात अन्न लवकर पोचलं की जीएलपी-१ सारखी हार्मोन्स जास्त स्रवतात, इन्सुलिनचं काम सुधारतं, भुकेचे संदेश बदलतात. म्हणूनच आता बरेच डॉक्टर याला नुसतं वजनाचं ऑपरेशन न म्हणता मेटाबॉलिक सर्जरी म्हणतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे हृदयाच्या बाबतीत तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे.

जास्त वजनाचा हृदयाला त्रास का होतो?

शरीर जेवढं मोठं, तेवढं रक्त जास्त लागतं आणि तेवढा पंप जास्त चालतो. वर्षानुवर्षं असं जास्तीचं काम करून हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड झालेला स्नायू नीट सैल पडत नाही आणि हळूहळू हार्ट फेल्युअरकडे वाटचाल सुरू होते. त्यात पोटातल्या अवयवांभोवती साठलेली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे यकृतात चरबी साठते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं आणि रक्तवाहिन्यांमध्ये कायमची बारीक सूज राहते. रात्री घोरताना श्वास अडकला की ऑक्सिजन खाली जातो, रक्तदाब उसळतो. हे एका रात्रीत कितीतरी वेळा होतं.

म्हणजे वजन हे एकटं येत नाही, सोबत टोळी घेऊन येतं. मग प्रश्न असा की ऑपरेशनने वजन खाली आणलं तर ही टोळीपण पांगते का? आणि पांगली तर हार्ट अटॅक खरोखर टळतात का?

स्वीडनमधली ४,०४७ माणसं

१९८७ साली स्वीडनमध्ये लार्स स्योस्ट्रॉम यांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यास सुरू झाला. नाव "स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स", सगळे त्याला एसओएस म्हणतात. ३७ ते ६० वर्षं वयाच्या, बऱ्याच लठ्ठ असलेल्या माणसांना त्यात घेतलं. २,०१० जणांनी ऑपरेशन करून घेतलं. २,०३७ जणांनी केलं नाही, ते आपापल्या सरकारी आरोग्य केंद्रात नेहमीचे उपचार घेत राहिले. भरती २००१ पर्यंत चालली आणि त्यांच्या आरोग्याची नोंद पुढे वर्षानुवर्षं ठेवली गेली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. औषधाची चाचणी करताना कुणाला खरं औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे दोन्ही गट सारखे निघतात. एसओएसमध्ये तसं झालं नाही. त्या काळात या ऑपरेशनमध्ये दगावण्याचं प्रमाण एवढं होतं की चिठ्ठी काढून माणसाला टेबलावर न्यायला नीतिमत्ता समितीने परवानगी दिली नाही. त्यामुळे ज्यांना हवं होतं त्यांनी ऑपरेशन केलं आणि त्यांच्याशी मिळतीजुळती माणसं दुसऱ्या गटात घेतली. यात गफलत होऊ शकते. जो माणूस ऑपरेशनची हिंमत करतो, तो कदाचित तब्येतीबद्दल जास्त जागरूक असेल. उलट, एसओएसमध्ये ऑपरेशन करणारे सुरुवातीला सरासरीने जास्त वजनाचे होते आणि त्यांच्यात सिगारेट ओढणारेही जास्त होते. म्हणजे त्यांची सुरुवातच पिछाडीवरून होती.

आता वजनाचा आलेख बघा. ऑपरेशन केलेल्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के कमी झालं होतं. दहा वर्षांनी ही घट १७ टक्क्यांवर आली आणि वीस वर्षांनी १८ टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे १२० किलोचा माणूस आधी ९२ पर्यंत उतरला आणि मग थोडा वर येऊन ९८-१०० च्या घरात स्थिरावला, असं समजा. ऑपरेशन न केलेला गट वीस वर्षं जवळपास होता तिथेच राहिला. "परत वाढत नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. थोडं वाढतं, पण सरासरीने मूळ पदावर जात नाही.

निम्मे मृत्यू टळले, म्हणजे किती?

हृदयाचे आकडे २०१२ साली जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आले. तोवर सरासरी पंधरा वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला होता. हृदयविकार आणि पक्षाघाताने झालेले मृत्यू ऑपरेशनच्या गटात २८ आणि दुसऱ्या गटात ४९. पहिल्यांदाच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात आलेले १९९ विरुद्ध २३४. दोन्ही गटांच्या सुरुवातीच्या फरकांचा हिशेब धरल्यावर संशोधकांचं गणित असं निघालं की अशा मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर आला आणि अटॅक-पक्षाघाताचा धोका एक तृतीयांशाने घटला.

"हृदयविकाराने मृत्यूचा धोका निम्मा!" मथळा तयार झाला. खोटा नाही. पण तोच आकडा दुसऱ्या बाजूने बघा. ऑपरेशन केलेल्या दर १०० जणांत पंधरा वर्षांत असे मृत्यू दीडच्या आत. न केलेल्यांत अडीचच्या आत. म्हणजे १०० जणांनी ऑपरेशन केलं तर पंधरा वर्षांत साधारण एक माणूस या कारणाने मरण्यापासून वाचला. दोन्ही वाक्यं एकाच माहितीतून आली आहेत, पण पहिलं वाचून माणूस उडी मारतो आणि दुसरं वाचून विचार करायला बसतो. कुठल्याही उपचाराची जाहिरात बघताना "निम्मा" म्हणजे कशाचा निम्मा, हे विचारायची सवय लावून घ्या.

मग हे ऑपरेशन कशाला करायचं, असं वाटेल. तर धोका सगळ्यांना सारखा नसतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

एसओएसच्या संशोधकांनी तपासलं की सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला. साहजिक अंदाज असा की ज्याचं वजन सर्वात जास्त, त्याला सर्वात जास्त फायदा. तसं निघालं नाही. सुरुवातीचा बीएमआय किती होता याचा हृदयाच्या फायद्याशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो रक्तातल्या इन्सुलिनशी. ज्यांचं उपाशीपोटी इन्सुलिन सुरुवातीला जास्त होतं, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिनला दाद देत नव्हतं, त्यांना ऑपरेशनचा फायदा जास्त झाला.

सोप्या भाषेत, एकाचं वजन १३० आहे पण शुगर, प्रेशर, कोलेस्टेरॉल ठीक आहे. दुसऱ्याचं १०५ आहे पण डायबेटिस आहे, दोन-तीन गोळ्या घेऊनही प्रेशर हटत नाही. रील पहिल्याची जास्त चालेल. हृदयाला फायदा दुसऱ्याला जास्त होण्याची शक्यता आहे.

डायबेटिस असेल तर चित्र बदलतं

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २०१९ मध्ये छापलेला अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. लठ्ठपणा आणि टाइप-२ डायबेटिस दोन्ही असलेल्या, ऑपरेशन केलेल्या २,२८७ जणांची तुलना ऑपरेशन न केलेल्या ११,४३५ जणांशी केली. मृत्यू, हृदयाचा विकार, पक्षाघात, हार्ट फेल्युअर, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता किंवा किडनीचा आजार, यांपैकी काही ना काही आठ वर्षांत झालं असं प्रमाण ऑपरेशनच्या गटात ३०.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ४७.७ टक्के. इथे फरक शंभरात एकाचा नाही, सतराचा आहे. नुसते मृत्यू बघितले तर १० टक्के विरुद्ध १७.८ टक्के. पण हाही मागे वळून नोंदी तपासून केलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेला नाही. त्यामुळे सतराचा आकडा कोरून ठेवू नका. पण फायदा कुणाला, हे त्यातून कळतं.

रक्तदाबावर मात्र चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी आहे, ब्राझीलमधली. नाव गेटवे. प्रेशरसाठी किमान दोन औषधं घेणारे १०० लठ्ठ पेशंट. निम्म्यांना गॅस्ट्रिक बायपास आणि औषधं, निम्म्यांना फक्त औषधं. वर्षभराने बघितलं, तर प्रेशर ताब्यात ठेवून औषधं किमान ३० टक्क्यांनी कमी करता आली असे लोक ऑपरेशनच्या गटात ८४ टक्के आणि दुसऱ्यात १३ टक्के. ज्यांच्या घरी सकाळच्या गोळ्यांचा डबा भरून वाहतो, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय? आपल्याकडे अशा माणसाला "आता कसलंच ऑपरेशन नको" असं घरचेच सांगतात. स्वीडनमध्ये अशाच ५०९ जणांची, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि नंतर वजनाचं ऑपरेशन केलेल्यांची, तेवढ्याच न केलेल्यांशी तुलना झाली. आठ वर्षांत पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यू असं काही झाल्याचं प्रमाण १८.७ टक्के विरुद्ध ३६.२ टक्के. एक गोष्ट विसरू नका, टेबलावर नेण्याइतके धडधाकट आहेत असं ज्यांच्याबद्दल डॉक्टरांना वाटलं तेच पहिल्या गटात होते. थोडा फायदा त्या निवडीचाही असणार. तरी "अटॅक आला म्हणजे दार बंद" हे काही खरं नाही. हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांनी एकत्र बसून ठरवायची ती गोष्ट आहे.

डाएट आणि व्यायामाने हेच होणार नाही का?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेत फार मोठी चाचणी झाली. लुक अहेड. टाइप-२ डायबेटिस असलेले ५,१४५ जण. अर्ध्यांना डाएट, व्यायाम, वारंवार भेटी, सगळं काटेकोर. अर्ध्यांना नेहमीचा सल्ला. पहिल्या वर्षी मेहनत करणाऱ्यांचं वजन ८.६ टक्क्यांनी उतरलं, चाचणी संपताना ही घट ६ टक्क्यांवर आली होती. जवळपास दहा वर्षांनंतर, २०१२ मध्ये चाचणी थांबवली, कारण हार्ट अटॅक, पक्षाघात आणि तत्सम घटनांमध्ये दोन गटांत फरक पडत नव्हता.

याचा अर्थ व्यायाम फुकट, असा काढू नका. शुगर सुधारली, चालणं-फिरणं सुधारलं, औषधं कमी लागली. नंतरच्या विश्लेषणात ज्यांनी पहिल्याच वर्षी १० टक्क्यांहून जास्त वजन कमी केलं होतं, त्यांच्यात हृदयाचा धोका कमी दिसलाही. पण तेवढं उतरवणं आणि दहा वर्षं टिकवणं फार थोड्यांना जमतं. लठ्ठ माणसाला "तोंड बंद ठेव, सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्या काका-मामांनी या चाचणीबद्दल वाचायला हरकत नाही. उत्तम डाएटिशियन, उत्तम ट्रेनर आणि दहा वर्षांची देखरेख दिमतीला असूनही शरीराने सरासरी सहाच टक्के सोडलं.

आपल्या शरीराचं गणित वेगळं आहे

वरचे बहुतेक अभ्यास गोऱ्या लोकांवरचे आहेत, मग आपल्याला ते किती लागू? इथे पुण्याचा संबंध येतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच जोडीने फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या अक्षरांवरून त्याला "वाय-वाय पॅराडॉक्स" म्हणतात. सारख्या बीएमआयला भारतीय शरीरात चरबी जास्त असू शकते आणि डायबेटिस, हृदयविकार कमी वजनालाच गाठतात, हे एका फोटोत समजावलं गेलं.

म्हणून ऑपरेशनच्या सल्ल्याची पातळीही आपल्यासाठी खाली आहे. सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत बीएमआय ३५ च्या वर असेल तर, आणि ३० च्या वर असून डायबेटिससारखा आजार असेल तर ऑपरेशनचा विचार करावा असं म्हटलंय. आशियाई लोकांना ते २७.५ पासून सुचवता येईल असंही त्यात आहे. साडेपाच फुटाच्या आसपास, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ७५ किलो असलं की बीएमआय २७.५ होतो. हा आकडा वाचून लगेच सर्जनला फोन करायचा नाही. ७५ किलोला औषधं आणि जीवनशैलीचा रस्ता आधी असतो. पण "मी काही एवढा लठ्ठ नाही" हा आपला नेहमीचा दिलासा किती पोकळ असू शकतो, ते यावरून लक्षात येईल.

आता दुसरी बाजू

ऑपरेशनमध्ये मृत्यूचा धोका आज कमी आहे. अमेरिकेतल्या २००९ च्या मोठ्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांत मृत्यूचं प्रमाण ०.३ टक्के होतं, म्हणजे हजारात तीन. टाक्यांमधून गळती, रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणं, रक्तस्राव हे धोके असतात आणि अनुभवी टीमकडे ते कमी होतात.

त्याहून कमी बोललं जातं ते पुढच्या आयुष्याबद्दल. लोह, बी-१२, बी-१, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतात आणि ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता आधीच असते, त्यात ऑपरेशनची भर पडते. सततच्या उलट्या होऊन बी-१ संपलं तर मेंदूला आणि चक्क हृदयालाही इजा होऊ शकते. हृदयासाठी केलेल्या ऑपरेशननंतर एका जीवनसत्त्वाअभावी हृदय दमणं, याला काय म्हणावं? बायपासनंतर डोकेदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या तर जोडावर अल्सर होतो, सिगारेटनेही होतो. स्लीव्हनंतर बऱ्याच जणांना जळजळ-आंबट पाण्याचा त्रास सुरू होतो किंवा वाढतो. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोकाही वाढतो.

आणि एक आकडा असा आहे की तो सांगताना जड जातं. अमेरिकेत युटामध्ये ऑपरेशन केलेल्या ७,९२५ जणांची तेवढ्याच लठ्ठ लोकांशी तुलना झाली, निकाल २००७ मध्ये आला. एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी. पण अपघात, आत्महत्या यांसारख्या, आजाराशी संबंध नसलेल्या कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त. का, याचं एकच उत्तर नाही. वजन उतरलं म्हणून मनावरचं ओझं उतरतंच असं नाही, आणि ज्या खाण्याने मनाला आधार दिलेला असतो ते एका दिवसात हातातून जातं. म्हणून चांगल्या केंद्रात ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठेवतात. ती भेट फॉर्म भरण्यापुरती उरकून घेऊ नका, आणि घरातल्या कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर वर्ष-दोन वर्षांनीही "वजन किती?" सोबत "बरं वाटतंय ना?" हेही विचारा. मन फारच खाली गेलेलं दिसलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

एसओएसचा २०२० मधला निकालही याच पठडीतला, पाय जमिनीवर ठेवणारा आहे. ऑपरेशन केलेले लोक न केलेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त जगले. पण सर्वसाधारण स्वीडिश लोकांपेक्षा साडेपाच वर्षं कमी. ऑपरेशनआधीच्या वीस-तीस वर्षांत रक्तवाहिन्यांवर जे कोरलं गेलं, ते सगळं काही पुसलं जात नाही. त्यामुळे शुगर नॉर्मल आली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी स्वतःच बंद करणं हा मोठा घोटाळा ठरू शकतो. प्रेशरच्या गोळ्यांचं मात्र उलट असतं. वजन झपाट्याने उतरताना जुना डोस जड होतो, उठताना चक्कर येते. तो डोस डॉक्टरांकडून वेळेवर कमी करून घ्यावा लागतो.

अजून एक मोठी अडचण. एसओएसमधली बहुसंख्य ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, आज ती जवळपास कुणी करत नाही. आज सर्वाधिक होते ती स्लीव्ह, आणि हृदयाबद्दलचा वीस वर्षांचा तसा पुरावा स्लीव्हच्या खात्यात अजून जमा झालेला नाही. सर्जन जेव्हा "हृदयाला फायदा सिद्ध झालाय" म्हणतील तेव्हा कुठल्या ऑपरेशनचा, हे विचारायला संकोच करू नका.

मग ती नवी इंजेक्शनं?

२०२५ मध्ये भारतात वजनाची नवी इंजेक्शनं आल्यापासून हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जातो. यातल्या सेमाग्लुटाइडची हृदयासाठीची चाचणी, सिलेक्ट, २०२३ मध्ये आली. आधीच हृदयविकार असलेले पण डायबेटिस नसलेले १७,६०४ जण, आणि तीही चिठ्ठ्या टाकून. तीन वर्षांहून थोड्या जास्त काळात हृदयविकाराने मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात ८ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर आले. गंमत म्हणजे इथेही फायदा किती किलो उतरले याच्याशी फारसा बांधलेला नव्हता. ऑपरेशनने जीएलपी-१ वाढतं, इंजेक्शन त्याचीच नक्कल करतं, हे आठवलं की आश्चर्य जरा कमी होतं.

पुराव्याचा दर्जा इंजेक्शनचा वरचढ, काळाची लांबी ऑपरेशनची. इंजेक्शन थांबवलं की उतरलेल्या वजनापैकी बरंचसं वर्षभरात परत येतं, म्हणजे खर्च चालूच. ऑपरेशनचा मोठा खर्च एकदा, मग गोळ्या आणि तपासण्या कायमच्या.

आणि खर्चाचा विषय निघालाच आहे, तर मेडिक्लेमची कागदपत्रं काढा. आपल्या विमा नियामकाच्या, आयआरडीएआयच्या, २०१९ च्या सूचनांनुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन पॉलिसीतून वगळता येतं, पण त्याला अपवाद आहे. वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त. किंवा बीएमआय ३५ च्या वर आणि सोबत लठ्ठपणामुळे कमकुवत झालेलं हृदय, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, गंभीर स्लीप अॅप्निया किंवा ताब्यात न येणारा टाइप-२ डायबेटिस यांपैकी काही, आणि वजन कमी करायचे इतर उपाय करूनही न साधलेलं. १६५ सेंटिमीटर उंचीला ३५ म्हणजे साधारण ९५ किलो आणि ४० म्हणजे १०९ किलो.

डॉक्टरांच्या सूचना आपल्यासाठी २७.५ पासून सुरू होतात, विम्याचा दरवाजा ३५ ला उघडतो. यांच्या मधे, ८५ किलोचा, डायबेटिसवाला, गोळ्या खाऊनही प्रेशर न उतरणारा माणूस उभा आहे. हृदयाच्या आकड्यांनुसार ऑपरेशनचा फायदा ज्यांना होऊ शकतो त्यांत तो बसतो, आणि बिल त्यालाच खिशातून भरायचं आहे.